तेविसाव्या ओळीतली झालर

फोन वाजला तेव्हा रकानेसाहेब स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते. दोन पाती झाली होती, तिसरं राहिलं होतं, आणि अर्धवट काम टाकून फोन घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून फोन बायकोने घेतला आणि पुढचं सगळं रामायण घडलं. मी घेतला असता तर काहीतरी सबब सांगितली असती, असं ते नंतर बरेच दिवस म्हणत होते. बायकोने फोन ठेवला आणि हसतमुखाने जाहीर केलं, "मास्तर येताहेत शनिवारी. रविवारी तुमच्याबरोबर झालर बघायला जायचंय म्हणे."

रकानेसाहेबांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कुठली झालर?"

"कुठली काय, तुमच्या पुस्तकातली! जांभळी झालर. बाकीची पस्तीस फुलपाखरं झाली म्हणाले बघून. झालर तेवढी नीट बघायची राहिलीय. आता ज्यांनी पुस्तक केलं तेच व्याही मिळाले म्हटल्यावर त्यांच्याबरोबरच जाईन म्हणाले. मी म्हटलं, या की, हे रिकामेच आहेत."

रकानेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ते ऑफिसात कुणी वापरलंच नाही. उद्यान खात्याच्या प्रकाशन शाखेत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही फॉर्म, तक्ता की अहवाल रिकामा रकाना घेऊन पुढे गेला नाही. माहिती नसली तर ते फोन करत, पत्र लिहीत, माणूस पिटाळत. काहीच हाती लागलं नाही तर 'निरंक' लिहीत, पण रकाना भरत. एकदा दवाखान्यात 'पूर्वीचे आजार' या रकान्यापुढे लिहिण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी लहानपणचा गोवर लिहिला. डॉक्टरांनी त्यावरून दोन तपासण्या करायला लावल्या, त्याही त्यांनी निमूटपणे केल्या.

तर आता गुन्ह्याची हकिगत. गुन्हा हा शब्द त्यांचाच, आणि तोही मनातल्या मनात. एकोणीस वर्षांपूर्वी खात्याने 'राज्याच्या उद्यानांत फुलपाखरे कुठे पाहाल?' नावाची अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढली. मजकूर प्राध्यापकांचा, मांडणी रकानेसाहेबांची. शेवटी एक तक्ता होता. छत्तीस फुलपाखरं, आणि प्रत्येकापुढे उद्यान, नेमकी जागा, महिना, वेळ. तेविसाव्या ओळीत जांभळी झालर होती आणि तिच्यापुढच्या चारही रकान्यांत प्राध्यापकांनी पेन्सिलीने एकेक बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं. प्राध्यापक जंगलात गेलेले, पुस्तिका चार वाजता छापखान्यात जायची. रकानेसाहेबांनी चारही ठिकाणी 'निरंक' लिहिलं आणि साहेबांकडे नेलं. साहेब भडकले.

"निरंक? फुलपाखरू आहे, पण ते दिसतं कुठे तर निरंक? मग पुस्तकात घेतलं कशाला? मंत्रीसाहेब नेमकी तीच ओळ वाचतील. जा, काहीतरी लिहून आणा."

आता 'काहीतरी' म्हणजे काय, हे साहेबांनी सांगितलं नाही. ते साहेब कधीच सांगत नाहीत.

पण या कामात रकानेसाहेबांनी तसूभरही हयगय केली नाही, हे मान्य केलं पाहिजे. उद्यान क्रमांक पाचच्या वाट्याला अख्ख्या तक्त्यात दोनच फुलपाखरं आली होती, बाकीच्यांना नऊ-नऊ, दहा-दहा. हा अन्याय होता, म्हणून उद्यान पाच. नोव्हेंबर महिना कुणालाच मिळालेला नव्हता, म्हणून नोव्हेंबर. वेळ नऊ ते अकरा, कारण त्याआधी सभ्य माणसाची आंघोळ होत नाही आणि त्यानंतर ऊन लागतं. राहिली नेमकी जागा. टेबलावर उद्यान पाचचीच एक फाइल पडली होती. जुन्या पुलापलीकडे दुसऱ्या वळणावर एक सपाट दगड आहे, तो पायवाटेत येतो, सबब काढून टाकावा, असा प्रस्ताव होता. रकानेसाहेबांनी लिहिलं, 'जुन्या पुलापलीकडे, दुसऱ्या वळणावरील सपाट दगड.' तक्ता भरला, पुस्तिका वेळेवर छापून झाली, साहेबांनी पाठ थोपटली. महिन्याभराने दगडाची फाइल परत आली ती 'फुलपाखरू-स्थळ असल्याने दगड हलवू नये' असा शेरा घेऊनच. इतक्या वर्षांत रकानेसाहेबांनी उद्यान पाचमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आणखी कुणाची गोष्ट असती तर इथेच संपली असती.

पण मध्ये लेकीचं लग्न झालं आणि मास्तर व्याही झाले.

मास्तरांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं. एका मुलाला चुकून एक मार्क जास्त दिला गेला म्हणून सुट्टीत त्याच्या घरी जाऊन तो परत घेऊन आलेला हा माणूस. लग्न ठरवायला आले तेव्हा मुलीचं शिक्षण, पगार, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आमच्या घरात एकच नियम आहे. न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही. तुमच्याकडे कसं?" रकानेसाहेब म्हणाले, "छे छे, आमच्याकडे तर मुळीच नाही." मग लेकीने अभिमानाने ती पुस्तिका पुढे केली, हे माझ्या बाबांनी केलंय म्हणाली, आणि मास्तरांचा चेहरा एकदम बदलला. त्यांच्या घरी ती पुस्तिका शब्दकोशाशेजारी ठेवलेली होती. ते उठून उभेच राहिले. त्या दिवसापासून लेकीच्या सासरी रकानेसाहेबांचा शब्द म्हणजे छापील शब्द, आणि लेकीचाही तोरा त्यावरच. त्या घरात कुणी तिच्याशी वाद घालू लागलं की ती म्हणायची, "मी कुणाची मुलगी आहे माहीत आहे ना?"

आता हे सगळं एका सपाट दगडावर उभं होतं. रविवारी मास्तर त्या दगडापाशी बसणार, झालर येणार नाही, आणि मास्तर विचारणार, तुम्ही कधी पाहिलीत? त्यावर काय सांगायचं?

त्यांनी आधी उद्यानाला फोन लावला. मनात एकच आशा, उद्यान बंद असेल. दुरुस्ती, वणवा, अस्वल, काहीही चाललं असतं. तिकडचा माणूस म्हणाला, "बंद? अहो, नोव्हेंबर आहे! झालरीचा महिना. तुडुंब गर्दी आहे."

मग त्यांनी लेकीला फोन केला. "मास्तरांच्या गुडघ्यांना झेपेल का गं एवढं चालणं?"

"बाबा, ते रोज पाच किलोमीटर चालतात. तुझेच गुडघे दुखतात."

"नाही, म्हणजे दिसली नाही तर उगाच हिरमोड व्हायचा."

"तुझ्याबरोबर असताना दिसणार नाही? काहीतरीच काय! मी तर इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि हे बघ, फोटो काढून पाठव. मोठा करून हॉलमध्ये लावणार आहोत."

रकानेसाहेबांनी फोन ठेवला आणि पंख्याचं तिसरं पातं पुसायला घेतलं. बायको म्हणाली, "अहो, ते परवाच पुसलंत." ते म्हणाले, "असू दे."

बातमी अख्ख्या इमारतीत फुटली ती दातांच्या डॉक्टरांमुळे. हे डॉक्टर खालच्या मजल्यावर राहत आणि दात सोडून जगातल्या सर्व विषयांवर सल्ला देत. दातांचं विचारलं की क्लिनिकला या म्हणत. ते जिन्यातच भेटले. "झालर बघायला निघालात म्हणे? हिरवा शर्ट घाला. साबण लावू नका. आणि पिकून काळं पडलेलं केळं बरोबर घ्या, वासाने धावत येते. मी स्वतः पाहिलीय. ही एवढी!" आणि त्यांनी दोन्ही तळवे जोडून दाखवले.

पुस्तिकेत झालरीचा आकार दोन इंच दिला होता, आणि तो मात्र प्राध्यापकांनी दिलेला होता.

"तुम्ही पाहिलीत? कुठे?" रकानेसाहेबांनी जिन्याचा कठडा धरला.

"कुठे म्हणजे? दगडावर! पुलापलीकडे. चांगली दहा मिनिटं बसली होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही पाहिलीय. त्यांच्या बहिणीने तर दोनदा. तुम्ही असं करा, माझ्या गाडीतून चला. मी येतो. तुमच्यासारख्या जाणकाराबरोबर पुन्हा बघायची म्हणजे मजा आहे!"

नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत डॉक्टर क्लिनिकला पळाले होते. रकानेसाहेब तिथेच पायरीवर बसले. माणसाचं मन फार लबाड असतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना वाटायला लागलं, कोण जाणे, असेलही! आपण लिहिलं आणि ते नेमकं खरं निघालं असेल. इतकी माणसं काय खोटं बोलतात? सकाळपर्यंत त्यांची जवळजवळ खात्री पटली होती. दात घासताना ती पुन्हा गेली.

गुरुवारी ते उद्यानात जायची परवानगी काढायला गेले. म्हणजे आपल्याच जुन्या ऑफिसात, पण आता खिडकीच्या या बाजूला. तिकडे एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता चौदा रकान्यांचा फॉर्म सरकवला. रकानेसाहेबांचे डोळे क्षणभर निवले. सुरेख फॉर्म होता. अकराव्या रकान्यात 'पाहावयाचे फुलपाखरू' असं होतं आणि पुढे 'जांभळी झालर' हे छापलेलंच होतं.

"हे आधीच भरलंय," ते म्हणाले.

"उद्यान पाचला दुसरं काही बघता येत नाही, आजोबा. बाकीची फुलपाखरं आहेत, पण त्यांच्यासाठी फॉर्म नाहीत. गेल्या वर्षी चारशे बारा जणांना झालर दिसली. शंभर टक्के! वार्षिक अहवालात आमच्या शाखेचं नाव पहिलं आलं."

शंभर टक्के! आणि रकानेसाहेबांच्या तोंडून नको ते गेलं. ते म्हणाले, "त्याचं असं आहे, ती पुस्तिका मीच केली होती."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "कोणती? 'कुठे पाहाल'वाली? छे हो. ते वारले."

"कोण वारले?"

"ते लेखक. दर वर्षी समारंभाला आम्ही त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहतो."

आपण जिवंत आहोत हे सरकारी खिडकीवर सिद्ध करण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये. रकानेसाहेबांनी तसा प्रयत्न केला. त्यावर बाई म्हणाल्या की खरोखरच लेखक असाल तर हा फॉर्म चालणार नाही, तज्ज्ञांचा वेगळा असतो, एकवीस रकान्यांचा, आणि त्यावर दोन तज्ज्ञांच्या सह्या लागतात की तुम्ही तज्ज्ञ आहात. रकानेसाहेब दोन पावलं मागे सरले. "राहू द्या. मी साधा माणूस आहे, तसंच लिहून घ्या." एकतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि शेवटी हेच म्हणावं लागलं, याचं त्यांना घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं. दर वर्षी अख्खं खातं आपल्यासाठी उभं राहतं, हे त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

शनिवारी मास्तर आले. गळ्यात दुर्बीण, हातात वही, पायात नवे बूट. जेवताना त्यांनी झालरीविषयी अवाक्षर काढलं नाही, उलट थोडे गप्प गप्पच होते. रकानेसाहेबांना वाटलं, यांना संशय आलाय. रविवारी सकाळी डॉक्टरांनी खाली हॉर्न वाजवला. गाडीत त्या काळ्या केळ्याचा वास इतका भरला होता की झालर सोडून बाकी सगळे किडे काचांवर जमा झाले होते. वाटभर डॉक्टर आपण पाहिलेल्या झालरीचं वर्णन करत होते आणि ती दर मैलाला मोठी होत होती. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. रकानेसाहेब मनात वाक्यं जुळवत होते. 'यंदा हवामान जरा...' हे एक, आणि 'मागच्याच आठवड्यात शेवटची गेली' हे दुसरं.

फाटकावर लाकडी केबिन होती आणि तिच्यात पहारेकरी होता. वयस्कर, गंभीर, खाकी टोपीतला. त्याने तिन्ही फॉर्म एकेक रकाना बोटाने धरून वाचले. डॉक्टरांनी स्वतःच भरलेल्या फॉर्मवर बोट थांबलं.

"'आणीबाणीत कोणास कळवावे?' रिकामं आहे."

"अहो, मी स्वतः डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाले. "आणीबाणीत लोक मला कळवतात."

"रकाना रिकामा असला की आत सोडता येत नाही."

"मग आता लिहितो."

"दुसऱ्या शाईने चालत नाही. खाडाखोड समजतात."

एरवी अशा माणसाला रकानेसाहेबांनी मिठीच मारली असती. आज त्यांना त्याचा धाक वाटला. डॉक्टर वाद घालायला केबिनपाशीच बसले आणि हे दोघे व्याही केळं घेऊन आत निघाले.

जुना पूल आला. त्याच्यापुढे पाटी, 'झालरीकडे', आणि बाण. पुढे दुसरी पाटी, 'शांतता राखा, झालर जवळ आहे'. दुसऱ्या वळणावर तो दगड होता. रकानेसाहेबांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. चांगला ऐसपैस दगड, पायवाटेच्या बरोबर मध्ये, भोवती साखळी लावलेली. पायवाट बिचारी त्याला वळसा घालून गेली होती. समोर एक बाक आणि बाकामागे झालरीचं हे भलं मोठं रंगीत चित्र, हुबेहूब पुस्तिकेतलं. काढून टाकायला निघालेला एक दगड, आणि आपल्या एका ओळीने त्याला केवढी प्रतिष्ठा मिळाली!

नऊला पाच मिनिटं असताना मास्तर बाकावर ताठ बसले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. केळं दगडावर ठेवलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. एक पांढरं फुलपाखरू आलं, दगड बघून गेलं. एक सरडा येऊन केळं हुंगून गेला. मध्येच एक कुटुंब आलं, आई, वडील आणि दोन मुली. त्यांनी साखळीपाशी उभं राहून फोटो काढले. वडील ओरडले, "ती बघा, ती!" "कुठे?" "गेली!" आणि सगळे समाधानाने परत फिरले. मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली नाही. त्यांचे दंड थरथरायला लागले होते, तरी ते हलेनात. रकानेसाहेब एकदा दगडाकडे आणि एकदा व्याह्यांच्या त्या थरथरत्या दंडांकडे बघत होते. हवामानाचं वाक्य तयार होतं. शेवटची गेली, हेही तयार होतं. पण त्या दंडांकडे बघून ते काही केल्या तोंडाबाहेर पडेना.

बरोबर अकरा वाजता मास्तरांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि डोळे चोळले.

"वेळ संपली," ते म्हणाले. "व्याहीबुवा, तुम्ही पाहिलीत ती किती वाजता? नेमकी वेळ आठवते?"

"मास्तर," रकानेसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलताच बारीक निघाला, "मी पाहिलेली नाही. कधीच नाही. हा दगडसुद्धा मी आज पहिल्यांदा बघतोय. प्राध्यापकांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. चार वाजता छापखान्यात जायचं होतं. साहेब म्हणाले काहीतरी लिहा, मी लिहिलं. रकाना रिकामा होता हो!" मग त्यांनी दगडाच्या फाइलीपासून आंघोळीच्या वेळेपर्यंत सगळं सांगून टाकलं, काही म्हणता काही राखलं नाही. "आता तुम्हाला काय म्हणायचं ते मला म्हणा. पण लेकीला यातलं काही माहीत नाही. तिला माझ्यामुळे कमी लेखू नका, एवढंच सांगणं आहे." एवढं बोलून ते केळ्याकडे बघत राहिले.

मास्तर उठले. पुलापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. संपलं, रकानेसाहेबांना वाटलं. एवढ्या कष्टाने जुळवलेली सोयरीक आपण स्वतःच्या तोंडाने घालवली. तेवढ्यात मास्तर वळून म्हणाले, "चला," आणि ताडताड फाटकाकडे चालू लागले. हे मागून, साखळीपाशी ठेच खाऊन, धापा टाकत.

फाटकावरच्या केबिनमध्ये पहारेकऱ्याने वही पुढे केली. बाहेर पडताना प्रत्येकाने भरायची वही. नाव, गाव, 'दिसलेले फुलपाखरू', सही. मास्तर म्हणाले, "ही नको. नऊ वर्षांपूर्वीची काढा. नोव्हेंबर."

पहारेकऱ्याने कपाट उघडून जुनी वही काढली, धूळ झटकली. मास्तरांनी पान बरोबर शोधलं. पहिल्या ओळीत कुणीतरी लिहिलं होतं, 'जांभळी झालर'. त्याखाली 'वरीलप्रमाणे'. त्याखाली 'वरीलप्रमाणे'. पानभर, वरपासून खालपर्यंत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या गावच्या माणसांचं तेच. खालून चौथ्या ओळीवर मास्तरांनी बोट ठेवलं. गणिताच्या मास्तरांचं टपोरं अक्षर, खाली पूर्ण सही.

"शाळेचे बारा शिक्षक आलो होतो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "दोन तास बसलो. मला काही दिसलं नाही. बाकीच्या अकरांनी लिहिलं. बस सुटत होती, सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मला वाटलं, माझेच डोळे कमी पडले. लिहिलं. मग शाळेत झालरीवर तासभर बोललो. चाळीस मुलांनी माझ्या वर्णनावरून चित्रं काढली. नऊ वर्षं हे उरावर आहे. वाटलं, तुमच्याबरोबर येऊन एकदा खरीच बघितली की ती सही तरी खरी होईल. तुम्हाला निदान साहेबांनी सांगितलं होतं, व्याहीबुवा. मला कुणी सांगितलं होतं?"

अकरांनीही कदाचित हेच केलं असेल, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आणि मास्तर, ज्यांना लेकीने कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ते एकाएकी हसायला लागले. दुर्बीण पोटावर आपटत होती इतके हसले. रकानेसाहेबही हसले, पण जरा बेतानेच, कारण त्यांना अजून भीती वाटत होती.

मग रकानेसाहेबांनी आजची वही ओढली, पेन काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'दिसली नाही'. खाली मास्तर. त्यांनी वरीलप्रमाणे लिहिलं नाही. त्यांनीही पूर्ण लिहिलं, 'दोन तास थांबलो, दिसली नाही', आणि खाली दुहेरी रेघ मारली.

पहारेकरी हादरला. "साहेब, हे असं कुणी लिहीत नाही!"

"तुम्ही पाहिलीय का कधी?" मास्तरांनी विचारलं.

"मी? मी गेटवर असतो. मला कुठून दिसणार?" तो वही उलटसुलट करून बघू लागला. "वर काय कळवू मी?"

तेवढ्यात डॉक्टर केबिनमध्ये शिरले. तीन तास केबिनबाहेरच्या खुर्चीत बसून ते वैतागले होते. "झालं का? चला लवकर, भूक लागलीय." बाहेर जाणाऱ्या गाडीच्या चालकाचीही सही लागते, असं पहारेकऱ्याने सांगितलं. डॉक्टरांनी वही घेतली, नाव लिहिलं, गाव लिहिलं, वर न बघता तिसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं ऐटीत लिहिलं आणि सही ठोकली. गाडी सुरू करताना ते म्हणाले, "काय मास्तर, मी म्हटलं नव्हतं? दिसली की नाही?"

"तुम्ही लिहिलंत तसंच," मास्तर म्हणाले.

घरी पोचण्याआधीच लेकीचा फोन आला, फोटो कुठे आहे म्हणून. रकानेसाहेबांनी फोन मास्तरांकडे दिला. मास्तर म्हणाले, "फोटो नाही. आम्ही दोघांनीही झालर कधीच पाहिलेली नाही, हे आज नक्की झालं. घरी आलो की सगळ्यांना बसवून सांगतो. माझं आधी सांगतो, मग तुझ्या बाबांचं." मग लेक म्हणाली, "बाबाला द्या फोन," आणि बाबाला इतकंच म्हणाली, "बाबा, तू मास्तरांना स्वतःहून सांगितलंस? तू?" तिच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा तोराच होता.

तीन आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं. पाकिटावर 'पुस्तिकेचे लेखक किंवा त्यांचे वारस' असं होतं. एका दिवसात लागोपाठ तिघांनी न दिसल्याची नोंद केल्याने, त्यातही एक डॉक्टर असल्याने, चौकशी उघडण्यात आली होती. सोबत फॉर्म होता. 'एकही रकाना रिकामा न ठेवता परत पाठवावा.' रकानेसाहेबांनी चष्मा पुसला, टेबल पुसलं, पेन पुसलं आणि फॉर्म भरायला बसले. पंधरा रकाने सरळ गेले. सोळावा होता, 'जांभळी झालर प्रत्यक्षात कुठे दिसते?'

त्यांनी लिहिलं, 'माहीत नाही'.

दोनच शब्द. रकान्यात असे नेमके बसले की पुढे-मागे टाचणीभरही जागा उरली नाही. ते कितीतरी वेळ त्याकडे बघत बसले. बायको चहा घेऊन आली, खांद्यावरून वाकून तिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, एवढंच लिहायचं होतं, तर तेव्हाच का नाही लिहिलंत?"